घोडा दमायचा म्हणून जगलेलं गाव: स्टिल्टनची गोष्ट

एसटीने फिरणाऱ्यांना 'टप्पा' हा शब्द वेगळा समजवायला नको. तिकीट टप्प्यावर लागतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि आपला स्टॉप टप्प्याच्या दोन किलोमीटर पुढे असला तरी पैसे पुढच्या आख्ख्या टप्प्याचे, यावरून कंडक्टरशी हुज्जत घातलेली माणसं प्रत्येक घरात असतील. इंग्रजांच्या 'स्टेजकोच' मधलं स्टेज म्हणजे हाच टप्पा. नाटकाचं स्टेज इथे डोक्यात आणू नका. टप्प्याटप्प्याने जाणारी घोडागाडी म्हणून स्टेजकोच, बस इतकं साधं आहे ते.

फक्त तिथे टप्पा तिकिटासाठी नव्हता, घोड्यासाठी होता. चार घोडे, मागे भरलेली गाडी, आत चार माणसं, टपावर आणखी माणसं आणि सामान, आणि असं सगळं घेऊन घोडा जोरात पळणार किती, तर दहा मैल, फार तर पंधरा. त्यानंतर तो फेसाळतो, दमतो, आणि तरीही हाकलला तर मरतो. मग करायचं काय, तर दर दहा-पंधरा मैलांवर ताजे घोडे तयार ठेवायचे, दमलेले सोडायचे, ताजे जुंपायचे, गाडी पुढे. दमलेला घोडा तिथेच राहणार, चंदी खाणार, आराम करणार, आणि उलट दिशेने येणारी गाडी आली की ती ओढत आपल्या घरी परतणार. म्हणजे माणूस लंडनहून एडिंबराला जायचा, पण घोडा आयुष्यभर त्याच दहा मैलांत येरझाऱ्या घालायचा.

हे एकदा डोक्यात बसलं की त्या काळातली रस्त्यावरची गावं कशी जगली आणि कशी बसली ते आपोआप कळतं. म्हणून आधी थोडा हिशोब बघू. कोचच्या धंद्यात एक ढोबळ नियम होता, मैलामागे एक घोडा. लंडन ते एडिंबरा साधारण चारशे मैल, म्हणजे रोज जाणारी-येणारी एक गाडी चालवायची तर रस्त्यावर चारशेच्या आसपास घोडे पोसायला हवेत. हे एकट्या मालकाला झेपणारं काम नव्हतं, म्हणून वाटेतले खानावळवाले भागीदार व्हायचे. ज्याचा त्याचा टप्पा, ज्याचे त्याचे घोडे, आणि गाडीच्या कमाईत मैलाप्रमाणे वाटा. तिथे 'इन' म्हणायचे त्या जागेत खाली खानावळ, वर मुक्कामाच्या खोल्या, मागे मोठी पागा, आणि मालक हा हॉटेलवाला कमी आणि ट्रान्सपोर्टवाला जास्त.

आता एका पागेमागे किती पोटं असतात बघा. मोतद्दार आले, नालबंद आला, खोगीर-लगाम शिवणारा आला, चाकं दुरुस्त करणारा सुतार आला, ओट आणि गवत पिकवणारे आजूबाजूचे शेतकरी आले, चादरी धुणाऱ्या बायका आल्या, दारू गाळणारे आले, आणि रोज निघणारं ते लीदेचं खत, तेही फुकट जात नव्हतं. प्रवासी काय, दहा मिनिटं थांबतो, सूप इतकं गरम आणतात की ते पिईपर्यंत शिंग वाजतं आणि पळावं लागतं (अशा तक्रारी त्या काळच्या लिखाणात भरपूर सापडतात, रात्रीच्या एसटीने हॉटेलवर थांबलेल्या कुणालाही हा प्रकार परका वाटणार नाही). पण गावाचा खरा धंदा प्रवाशाच्या जेवणावर कमी आणि घोड्याच्या दमण्यावर जास्त चालायचा.

यातलं एक गाव म्हणजे स्टिल्टन. इंग्लंडच्या पूर्व भागात, पीटरबरो शहराच्या दक्षिणेला दहा-एक किलोमीटरवर, पूर्वीच्या हंटिंगडनशायरमध्ये, आता ते केंब्रिजशायरमध्ये मोडतं. लंडनपासून सत्तर-एकाहत्तर मैल. गाव ज्या रस्त्यावर आहे तो मुळात रोमन लोकांनी बांधलेला, अर्मिन स्ट्रीट, आणि पुढे तोच लंडनहून यॉर्क आणि एडिंबराला जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडचा भाग झाला. म्हणजे आपल्याकडे मुंबई-आग्रा रोड म्हणावा त्या दर्जाचा रस्ता, आणि गाव अगदी त्याच्या अंगावर.

रस्त्याचीही एक भानगड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १५५५ च्या कायद्याने रस्ते दुरुस्त करायची जबाबदारी ज्या त्या गावावर टाकली होती, गावकऱ्यांनी वर्षातले ठरलेले दिवस फुकट राबायचं. गावातल्या गावात बैलगाडी चालते तोवर ठीक, पण इथून जायचा तो लंडनचा माल, चाकं त्यांची, चिखल त्यांचा, आणि खड्डे भरायचे स्टिल्टनकरांनी. मग १६६३ मध्ये इंग्लंडच्या संसदेने पहिल्यांदा टोलचा कायदा केला, जो रस्ता वापरेल त्याने पैसे द्यावेत, आणि हा पहिलावहिला कायदा नेमका याच रस्त्यासाठी होता. तीन नाके ठरले, वेड्समिल, कॅक्स्टन आणि तिसरा आपलं स्टिल्टन. त्यातला कॅक्स्टनचा नाका लोक सहज चुकवून जायचे, आणि स्टिल्टनला तर एवढा विरोध झाला की नाका उभाच राहिला नाही. टोलनाक्याविरुद्धचं आंदोलन टोलच्या कायद्याइतकंच जुनं आहे म्हणायचं. पुढे टोल ट्रस्ट, म्हणजे टोल घेऊन रस्ता सांभाळणारी मंडळं, सगळीकडे झालेच, आणि ते चुकवायला गुरं हाकणाऱ्यांनी स्टिल्टनच्या पश्चिमेला एक समांतर वाट धरली. तिला आजही बुलक रोड म्हणतात, बैलांची वाट.

आता या गावातला सगळ्यात भारी माणूस. बेल इन नावाच्या खानावळीचा मालक, कूपर थॉर्नहिल. १७३० च्या सुमारास तो या बेलमध्ये आला, धान्याचा व्यापारही करायचा, आणि घोड्यावर बसण्यात एक नंबर. १७४५ च्या एप्रिलमध्ये याने ५०० गिनींची (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) पैज लावली की स्टिल्टनहून लंडन, लंडनहून परत स्टिल्टन, आणि पुन्हा लंडन, एवढं अंतर एका दिवसात पंधरा तासांच्या आत घोड्यावरून तोडून दाखवतो. २१३ मैल, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरला थोडं कमी, मुंबई-कोल्हापूरच्या जवळपास जातं. पहाटे चारला निघाला आणि साडेबारा तासांच्या आतच आटपलं! ताशी २७-२८ किलोमीटर, तेही जेवणखाण धरून.

पण हे जमलं कसं ते बघा. एका घोड्याने हे शक्यच नव्हतं, त्याने वाटेत ठिकठिकाणी घोडे उभे केले होते आणि एकूण अठरा-एकोणीस घोडे वापरले. माणसाचा दम अर्थातच होता, नाही कोण म्हणतंय, पण खरी जिंकली ती टप्प्याची पद्धत, आणि ती त्या माणसाइतकी कुणाला पाठ असणार. मला तर ही पैज म्हणजे धंद्याची जाहिरात वाटते, बघा माझ्या रस्त्यावर घोडे किती पटकन बदलतात, असं सांगणारी. लोकांनी त्याच्यावर कविता केल्या, चित्रं छापली, वर्षानुवर्षं नाव चाललं.

आणि मग ते चीज. स्टिल्टन म्हटलं की जगभरातल्या खाणाऱ्यांना गाव आठवत नाही, निळ्या रेषांचं, भुसभुशीत, उग्र वासाचं चीज आठवतं. ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी पहिल्यांदा वास घेऊन मग ठरवावं, मी एवढंच म्हणतो. गंमत अशी की हे चीज जिथे बनायचं तो भाग म्हणजे लेस्टरशायर, मेल्टन मोब्रेच्या आसपासची खेडी, स्टिल्टनपासून बरंच लांब. मग नाव स्टिल्टनचं कसं? कारण ते विकलं जायचं इथे. चीज टिकणारं होतं, प्रवाशाला नेण्यासारखं होतं, दिवसाला इतक्या गाड्या थांबायच्या, लोकांनी बेलमध्ये खाल्लं, आवडलं, बांधून घेतलं, लंडनला जाऊन सांगितलं "स्टिल्टनचं चीज". कोणी बनवलं हे कोण विचारतंय. आपल्याकडे बसराई मोती म्हणायचे, पण मोती काही बसरा शहरात पिकत नव्हते, आखातातून यायचे आणि बसऱ्याच्या बाजारात विकले जायचे. कर्जतच्या वड्याचंही घ्या, घाट चढायला मागून जादा इंजिन लावायला गाड्या तिथे थांबतात, गाडी थांबते म्हणून वडा खपतो, आणि वडा खपतो म्हणून कर्जतचं नाव होतं. (तो वडा निदान कर्जतमध्येच तळतात!)

सगळीकडे वाचायला मिळतं ते असं की थॉर्नहिलने लेस्टरशायरमधल्या वायमंडम गावच्या फ्रान्सिस पॉलेट नावाच्या बाईशी १७४३ च्या सुमारास ठराव केला आणि चीज प्रसिद्ध झालं. सौदा झाला असेल, त्याने धंदा वाढवला असेल, ते पटतं. पण हे चीज त्याने जगासमोर आणलं हे काही खरं नाही, कारण 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणाऱ्या डॅनियल डिफोच्या १७२४ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात स्टिल्टनचा उल्लेखच चीजसाठी प्रसिद्ध गाव असा येतो, आणि तेव्हा थॉर्नहिल गावात आलाही नव्हता. डिफोने त्या चीजला इंग्रजांचं पार्मेसान (हे इटलीचं नावाजलेलं चीज) म्हटलंय आणि ते ताटात येतं तेव्हा त्यावर किडे इतके असतात की खायला चमचा देतात असंही लिहून ठेवलंय. लोक आवडीने खायचे म्हणे. असो.

थॉर्नहिलच्या काळात कोच तशी हळूच होती. १७५४ च्या जाहिरातीत लंडन-एडिंबरा प्रवास उन्हाळ्यात दहा दिवस आणि हिवाळ्यात बारा. १८३० च्या दशकात तेच अंतर साधारण ४५ तासांवर आलं! घोड्याची जात बदलली नाही, बदलल्या दोन गोष्टी, रस्ते आणि घड्याळ. रस्त्यांचं श्रेय मॅकॅडमसारख्या लोकांना, बारीक फोडलेल्या खडीचे थर, पाणी निचरून जाईल असा उतार. घड्याळाचं श्रेय जॉन पामरला. हा बाथ शहरातला नाटक कंपनीवाला, त्याच्या लक्षात आलं की आपले नट आणि सामान एका थिएटरहून दुसऱ्या थिएटरला टपालापेक्षा लवकर पोचतात, तेव्हा टपाल नेणाऱ्या मरतुकड्या घोड्यावरच्या पोरांऐवजी कोच का नको. २ ऑगस्ट १७८४ ला दुपारी चारला ब्रिस्टलहून पहिली मेल कोच निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत लंडनला. आधी याला ३८ तासांपर्यंत लागायचे. दोन वर्षांत ग्रेट नॉर्थ रोडवर एडिंबरापर्यंत मेल कोच धावायला लागली.

मेल कोचचा रुबाब वेगळाच. गाडी हाकणारा खाजगी ठेकेदाराचा, पण मागे बसणारा गार्ड सरकारी, पोस्टाचा माणूस, त्याच्याकडे बंदूक, पिस्तुलं, शिंग, आणि कुलूपबंद पेटीतलं घड्याळ जे त्याला स्वतःला फिरवता यायचं नाही. त्या काळी गावागावाची वेळ वेगळी, सूर्याप्रमाणे, पूर्वेला पुढे आणि पश्चिमेला मागे, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या गाडीतलं घड्याळ मुद्दाम थोडं हळू चालेल असं लावून द्यायचे, हे वाचून मी दोन मिनिटं तसाच बसलो होतो. टोल माफ होता, लांबूनच शिंग वाजायचं आणि नाक्यावरच्याने गेट उघडून ठेवायचं. तेच शिंग ऐकून इनच्या दारात मोतद्दार ताजे घोडे घेऊन तयार, आणि गाडी थांबल्यापासून मिनिटभरात चारही घोडे बदलून गाडी पुढे, आजच्या फॉर्म्युला वनसारखं. दिवसा, रात्री, बर्फात. स्टिल्टनमध्ये शांत झोप कोणाला लागत असेल का देव जाणे.

शेजारी अजून एक गर्दी होती. गावापासून जवळच नॉर्मन क्रॉसला १७९७ मध्ये फ्रान्सच्या युद्धकैद्यांसाठी खास छावणी बांधली, युद्धकैद्यांसाठीच म्हणून उभारलेली ही जगातली पहिली असं मानतात. हजारो कैदी, त्यांच्यावर पहारा, त्यांचं रेशन, म्हणजे आजूबाजूच्या गावांना गिऱ्हाईक. कैदी हाडांपासून जहाजांची आणि गवताच्या काड्यांपासून पेट्यांची अशी अप्रतिम कलाकुसर करून विकायचे, त्यातलं बरंच पीटरबरोच्या म्युझियममध्ये आजही आहे. सतराशेच्या वर कैदी तिथेच मेले, बरेचसे १८००-०१ च्या साथीत. नेपोलियनची लढाई संपली, १८१६ मध्ये छावणी पाडली, एक गिऱ्हाईक तिथेच कमी झालं. तरी रस्ता होता, तोवर चिंता नव्हती.

मग रेल्वे आली. ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात रेल्वे वेगवान होती म्हणून कोच मेली. अर्धं बरोबर आहे. स्टिल्टनसारख्या गावाच्या बाजूने बघितलं तर मुद्दा वेगाचा नव्हताच, इंजिन दमत नाही हा होता. त्याला पाणी लागतं, कोळसा लागतो, पण ते देणारी ठिकाणं रेल्वे स्वतःच्या सोयीने ठरवते, जुन्या इनच्या सोयीने नाही. वेगवान घोडे आले असते तर स्टिल्टनची उलट चांदी झाली असती.

१८५० मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची लंडन-पीटरबरो लाइन सुरू झाली. ती स्टिल्टनच्या पूर्वेकडून गेली, दलदलीच्या सपाट भागातून, जिथे जमीन इतकी मऊ होती की फांद्यांच्या मोळ्या आणि वाळलेली दलदलीची माती यांचे थर टाकून त्यावर रूळ तरंगवल्यासारखे बसवावे लागले. स्टेशन झालं ते होम नावाच्या गावाला, काही मैलांवर. स्टिल्टनला स्टेशन नाही. लंडनला जायला कोचला सात-आठ तास लागायचे, ते अंतर आता निम्म्याहून कमी वेळात आणि पावसात न भिजता. त्याच्या आधीच, १८४५ ला, पीटरबरोला दुसऱ्या बाजूने रेल्वे पोचली होती, म्हणजे कोचवाल्यांना पाच वर्षं आधी ट्रेलर बघायला मिळाला होता.

शहाण्यांनी वेळेत हालचाल केली. लंडनचा विल्यम चॅप्लिन नावाचा कोचमालक, त्याच्याकडे अठराशेच्या आसपास घोडे, देशातला सगळ्यात मोठा, त्याने वारं ओळखलं, कोचचा धंदा मोडला, पैसा रेल्वेत घातला आणि लंडन-साउथॅम्प्टन लाइनच्या कंपनीचा चेअरमन झाला. पण चॅप्लिनला हे जमलं कारण त्याची मालमत्ता म्हणजे घोडे आणि पैसा, दोन्ही हलवता येतात. खेड्यातल्या इनवाल्याची मालमत्ता म्हणजे वीस खोल्या, भलीमोठी पागा आणि रस्त्यावरची जागा. ती उचलून होम स्टेशनवर कशी नेणार? मोतद्दाराला तर घोड्याशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. पागा ओस, खोल्या बंद, शेतकऱ्याच्या ओटला गिऱ्हाईक नाही, टोल कमी झाल्यामुळे ट्रस्ट कर्जात, आणि रस्त्यावर गवत.

चीज मात्र गावाबरोबर बुडालं नाही, हे मला फार मजेशीर वाटतं. त्याला आता स्टिल्टनची गरजच उरली नव्हती, लेस्टरशायरहून थेट रेल्वेत चढून लंडनला जाता येत होतं, नाव तेवढं घेऊन गेलं.

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि साठ-सत्तर वर्षं झोपलेला रस्ता परत जागा झाला. १९२० च्या दशकात रस्त्यांना नंबर दिले तेव्हा ग्रेट नॉर्थ रोड ए-वन झाला, ट्रक, गाड्या, सगळं पुन्हा स्टिल्टनच्या मुख्य रस्त्यावरून. पण मोटार थांबते ती ड्रायव्हरला चहा प्यायचा म्हणून, इंजिनाला विश्रांती हवी म्हणून नाही, आणि चहा काय, पुढच्या गावातही मिळतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी बायपास झाला आणि गाव दुसऱ्यांदा रस्त्याबाहेर पडलं. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून २००२ नंतर गेलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि ज्या हॉटेलांसमोर गाडी लावायला जागा मिळायची नाही तिथे वेटर दारात उभा राहून रस्ता बघायचा.

बायपासनंतर गावातल्या पबवाल्यांनी लोकांना परत आणायला एक शक्कल काढली, चीज लोटायची शर्यत. चारचार जणांच्या टीम, चित्रविचित्र वेष, आणि चीज म्हणून लाकडाचा ओंडका, कारण खरं चीज वाटेतच फुटेल. मे महिन्याच्या सुट्टीला अनेक वर्षं हा तमाशा चालला, ज्या रस्त्यावर मेल कोच घोडे बदलायची त्याच रस्त्यावर. रस्ता अजून तसाच रुंद आहे, एवढ्याशा गावाला शोभणार नाही इतका, कारण तो गावासाठी रुंद केलेलाच नव्हता.

आणि आता शेवटची गंमत. १९९६ मध्ये स्टिल्टन चीजला युरोपात नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं, आपल्याकडच्या जीआय टॅगसारखं. नियम असा की हे नाव फक्त डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहमशायर या तीन काउंटींत (आपल्या जिल्ह्यांसारख्या) बनवलेल्या चीजलाच. स्टिल्टन गाव यातल्या एकाही काउंटीत नाही. म्हणजे स्टिल्टनमध्ये कोणी चीज बनवलं तर ते स्टिल्टन म्हणून विकणं बेकायदेशीर. गावातल्या काहींनी जुने कागद शोधून काढले, अठराव्या शतकातली कृती दाखवली, एके काळी आमच्याकडेही चीज बनत होतं असं म्हणत नियम बदलायचा अर्ज केला, २०१३ मध्ये सरकारने तो फेटाळला. त्यामुळे स्टिल्टनमध्ये आज कोणाच्या ताटात स्टिल्टन आलं तर ते बाहेरच्या काउंटीतून गाडीत घालूनच आलेलं असतं, थॉर्नहिलच्या वेळी यायचं तसंच.